एनडीएत जायचंय ना, मग आधी खडकवासल्याला नक्की काय चालतं ते समजून घ्या

एनडीएची, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या नॅशनल डिफेन्स अकादमीची तयारी म्हटलं की बहुतेक घरांत सगळ्यात आधी क्लास शोधला जातो, मग पुस्तकं येतात, मग टेस्ट सिरीज, आणि ही अकादमी मुळात कशासाठी काढली, तिथं तीन वर्षं काय करून घेतात, तिथून बाहेर पडलं की पोरगा लगेच ऑफिसर होतो का, हे विचारायचं राहूनच जातं. मला विचाराल तर तयारीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. कारण एकूण १८०० मार्कांपैकी ९०० लेखी परीक्षेला आणि ९०० एसएसबीला, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यूला आहेत, आणि एसएसबीवाले जे शोधत असतात ते या अकादमीच्या जन्मकथेतच दडलेलं आहे. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका, पुढे तो कामाला येणार आहे.

पहिल्या महायुद्धापर्यंत आपल्या माणसाने फौजेत कितीही पराक्रम गाजवला तरी तो फार तर सुभेदार मेजर व्हायचा, किंग्ज कमिशन, म्हणजे पूर्ण ऑफिसरचा हुद्दा, त्याला जवळजवळ मिळतच नव्हता, आणि त्याच्यावर हुकूम चालवायला इंग्लंडहून नुकताच आलेला कोवळा गोरा साहेब असायचा. १९१८ पासून इंग्लंडच्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी मुलांसाठी वर्षाला १० जागा ठेवल्या, म्हणजे एवढ्या मोठ्या देशाला दहा. आपल्याच देशात कॉलेज काढा ही मागणी मग जोर धरत गेली, आणि १ ऑक्टोबर १९३२ ला देहरादूनला इंडियन मिलिटरी अकादमी, म्हणजे आयएमए सुरू झाली, पहिल्या तुकडीत ४० कॅडेट. त्यातच सॅम माणेकशॉ होते, आणि त्यांच्याच तुकडीतले मोहम्मद मुसा पुढे पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे लष्करप्रमुख झाले, एका तुकडीतून तीन देशांचे सेनापती. आपल्याकडे नाशिकला डॉ. मुंजे यांनी १९३७ ला भोसला मिलिटरी स्कूल काढलं ते याच काळातलं, ऑफिसर होण्यासाठी पोरं शाळेपासून घडवायला हवीत हा विचार तेव्हापासूनचा आहे.

आता एनडीए. दुसऱ्या महायुद्धात एक गोष्ट सगळ्या जगाला कळली की नुसतं पायदळ, नुसती नौदलाची जहाजं किंवा नुसती विमानं यांच्या जोरावर लढाई जिंकता येत नाही, तिघांनी मिळून लढावं लागतं, आणि मिळून लढायचं तर एकमेकांची भाषा, सवयी, अडचणी आधीपासून माहीत हव्यात. तेव्हाचे सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, त्या समितीने जगभरच्या लष्करी अकादमी बघून डिसेंबर १९४६ मध्ये अहवाल दिला की तिन्ही दलांच्या भावी ऑफिसरांना एकाच ठिकाणी, एकत्र शिकवा. अमेरिकेची वेस्ट पॉइंट अकादमी डोळ्यापुढे होती, पण वेस्ट पॉइंट फक्त आर्मीचं. तिन्ही दलं एकत्र असलेली अशी अकादमी जगात तोवर कुठेच नव्हती, पहिली आपली.

पैशाची सुरुवात कुठून झाली तेही ऐकण्यासारखं आहे. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत सुदान वाचवायला आपले जवान लढले, त्याची आठवण म्हणून १९४१ मध्ये सुदान सरकारने व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याकडे १ लाख पाउंड दिले. फाळणी झाली तेव्हा त्यातले ७० हजार पाउंड भारताच्या वाट्याला आले आणि ३० हजार पाकिस्तानला गेले. आपल्या वाट्याचे पैसे या अकादमीच्या मुख्य इमारतीसाठी वापरले, म्हणून घुमटाच्या त्या इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. फोटोत जी इमारत नेहमी दिसते ना, तीच. ३० मे १९५९ ला सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. म्हणजे परक्या मुलखात जाऊन लढलेल्या, बहुतेक नावंही आपल्याला माहीत नसलेल्या जवानांच्या कमाईवर ती वास्तू उभी आहे, तिच्यासमोर सेल्फी काढायचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जागा म्हणून खडकवासलाच का, तर धरणाचं पाणी, आजूबाजूला डोंगर, मुंबई आणि समुद्र फार लांब नाही, लोहगावचा विमानतळ जवळ, पुण्यात लष्कराच्या बाकी संस्था आधीपासून, हवाही चांगली. शिवाय महायुद्धात समुद्रातून किनाऱ्यावर उतरायची प्रॅक्टिस करायला तलावाच्या उत्तर काठावर एक नकली जहाज उभं केलेलं होतं, अँगोस्टुरा नावाचं, ते पडून होतं. तेव्हाच्या मुंबई राज्याने ८ हजारांहून जास्त एकर जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. पण बांधकाम होईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून १ जानेवारी १९४९ लाच देहरादूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग नावाने प्रशिक्षण सुरू करून टाकलं होतं, तेच मग खडकवासल्याला हललं. ७ डिसेंबर १९५४ ला अकादमी रीतसर सुरू झाली आणि १६ जानेवारी १९५५ ला मुंबईचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. खडकवासल्याचे पहिले कमांडंट मेजर जनरल हबीबुल्ला.

एकत्र शिकवायचा हा प्रयोग कितपत जमला, तर १९९१ मध्ये एक वेळ अशी आली की आर्मीचे जनरल रॉड्रिग्ज, नेव्हीचे अ‍ॅडमिरल रामदास आणि एअर फोर्सचे एअर चीफ मार्शल सुरी हे तिन्ही प्रमुख अकादमीच्या पहिल्याच कोर्सचे, म्हणजे पहिल्याच तुकडीचे होते. २०१९ च्या अखेरीस पुन्हा तेच, जनरल नरवणे, अ‍ॅडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया, तिघे कोर्समेट. यातले नरवणे तर आपल्या पुण्याचे, ज्ञान प्रबोधिनीचे विद्यार्थी. ज्याच्याबरोबर वयाच्या सतराव्या वर्षी चिखलात लोळलो त्याला फोन करून अडचण सांगायला संकोच वाटत नाही, दोन दलांमध्ये फायली फिरत बसतात तेव्हा या ओळखीची किंमत कळते.

आता एक मोठा गैरसमज. एनडीएतून पास झालं की खांद्यावर स्टार लागत नाहीत. तीन वर्षं, सहा टर्म, शेवटी जेएनयूची डिग्री, बीए, बीएससी किंवा बीएससी कॉम्प्युटर सायन्स, आणि नेव्ही-एअर फोर्सच्या कॅडेटना बीटेकचा कोर्स. त्यानंतर आर्मीचे कॅडेट वर्षभर देहरादूनला आयएमएत, नेव्हीचे केरळात एझिमलाला, एअर फोर्सचे हैदराबादजवळ डुंडिगलला जातात आणि तिथलं ट्रेनिंग संपलं की कमिशन मिळतं. म्हणजे खडकवासला हा पाया आहे. बोधवाक्यसुद्धा ‘सेवा परमो धर्मः’. आणि हो, नॅशनल डिफेन्स कॉलेज म्हणून दिल्लीत जे आहे ते वेगळं, तिथं ब्रिगेडियरच्या पातळीवरचे सीनियर ऑफिसर शिकायला जातात, इंटरव्ह्यूत ही गल्लत करू नका.

तर आता तयारी. पहिलं काम पुस्तक उघडायचं नाही, जन्मतारीख बघायचं. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मध्ये लागतं, आणि कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतात, त्यामुळे यूपीएससीची परीक्षा पण दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. नोटिफिकेशनमध्ये जन्मतारखेची खालची आणि वरची मर्यादा स्पष्ट छापलेली असते, तुमच्या वयात किती संधी बसतात ते कागदावर मांडा, अटेम्प्टची वेगळी मर्यादा नाही, वयाचीच मर्यादा. एका दिवसाने जरी वय पुढे गेलं तरी काही चालत नाही, म्हणून बारावी झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची निम्मी संधी तिथंच गेलेली असते. लग्न झालेलं नसावं. बारावीला बसलेली मुलं अर्ज करू शकतात. आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, आर्ट्सवाल्यांनी उगाच हात झटकू नयेत, पण नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच. बारावीला अमुक टक्केच पाहिजेत अशी अट नाही, पास व्हायला हवं. फॉर्मची फी १०० रुपये, मुलींना माफ.

मुलींचं सांगतो, कारण अजूनही गावोगावी आई-बाप विचारतात की मुलींना चालतं का. चालतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला, त्याच नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या, १४८ व्या कोर्सबरोबर २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली पासिंग आउट परेडमध्ये खेत्रपाल ग्राउंडवर मुलांच्या बरोबरीने चालत बाहेर पडल्या. त्या पाय आपटत जाताना बघून ज्यांच्या अंगावर काटा आला त्यांत मी पण आहे. जागा अजून मुलांच्या मानाने खूप कमी आहेत, त्यामुळे मुलींचा कटऑफ आणि स्पर्धा दोन्ही कडक, तयारी त्या हिशेबाने करा.

शाळेतच असाल तर काही वाटा आधीपासून आहेत. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्याची, २३ जून १९६१ ची, तिथं सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा असते. देहरादूनच्या आरआयएमसीला, म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला आठवीत जाता येतं, आता मुलींनाही. आणि दहावीनंतरसाठी छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, राज्य सरकारने १९७७ मध्ये खास याच कारणासाठी काढलेली की महाराष्ट्रातली पोरं ऑफिसर म्हणून कमी जातात. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र, आधी परीक्षा मग इंटरव्ह्यू. मुलींसाठी आता नाशिकला अशीच संस्था आहे. दहावीत असताना हे फॉर्म चुकवू नका, क्लासवर लाखभर घालवण्याआधी हे बघा. इथं नंबर नाही लागला तर दार बंद झालं असं मुळीच नाही, साध्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि गावच्या ज्युनिअर कॉलेजातून आत गेलेली मुलं आहेत.

लेखी परीक्षा एका दिवसात होते. सकाळी मॅथ्स, ३०० मार्क, १२० प्रश्न, अडीच तास. दुपारी जनरल अ‍ॅबिलिटी टेस्ट, म्हणजे जीएटी, ६०० मार्क, १५० प्रश्न, परत अडीच तास, त्यात २०० मार्कांचं इंग्लिश आणि ४०० मार्कांत फिजिक्स, केमिस्ट्री, जनरल सायन्स, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कापतात. मॅथ्समध्ये अडीच मार्कांचा प्रश्न आहे, चुकला की ०.८३ जातात, जीएटीमध्ये चारचा प्रश्न, चुकला की १.३३. हे वाचून पोरं दोन टोकांना जातात, एक तर घाबरून निम्मा पेपर कोरा सोडतात नाहीतर ठोकत सुटतात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तर उत्तर द्या, एकही बाद करता येत नसेल तर पुढे जा, एवढा एकच नियम पाळा आणि प्रत्येक जुना पेपर याच नियमाने सोडवा, मग परीक्षेत हात आपोआप तसाच चालतो.

मॅथ्सला अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं पुरेशी आहेत, स्टेट बोर्डवाल्यांनी ती वेगळी घ्यावीत. अडीच तासात १२० म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट, त्यामुळे बोर्डाच्या सवयीने पायऱ्या लिहीत बसलात तर पेपर पुरा होत नाही. ट्रिग्नॉमेट्री, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस, प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स पक्कं करा. आणि आर्ट्सची मुलं मॅथ्सला घाबरून सगळा भर जीकेवर टाकतात, तसं जमत नाही, प्रत्येक पेपरला किमान मार्क मिळवावेच लागतात.

इंग्लिशबद्दल थोडं थांबून बोलतो. मराठी मीडियमच्या मुलांचं घोडं इथं अडतं, आणि लेखीत अडतं त्याहून जास्त एसएसबीत अडतं. व्याकरण येत असतं, मार्कही पडतात, पण चार अनोळखी मुलांसमोर तोंड उघडायची वेळ आली की सगळं आत राहतं. याला गोळी-औषध नाही. नववी-दहावीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं मोठ्याने बोलायचं, पेपरातली एक बातमी वाचून आरशासमोर नाही तर कुणाला तरी समजावून सांगायची, बहिणीला, मित्राला, कुणालाही, चुका होऊ द्यायच्या. अ‍ॅक्सेंट कुणी बघत नाही हो तिथं, तुम्ही म्हणताय ते समोरच्याला कळतंय का आणि तुम्ही खरं बोलताय का एवढंच बघतात.

आता एसएसबी, माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीची माहिती याबद्दलच फिरते. पाच दिवसांचं असतं. आर्मीची सेंटर प्रयागराज, भोपाळ, बंगळूर, जालंधर, एअर फोर्सची देहरादून, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर वगैरे. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, एक बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक अस्पष्ट चित्र ३० सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती ग्रुपला सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. बरेच जण इथूनच संध्याकाळची गाडी पकडतात. ग्रुपमध्ये मासळी बाजार होतो, सगळे एकदम ओरडतात, आणि क्लासमध्ये शिकवलेलं असतं की आवाज चढवा, लीड घ्या. अशा वेळी जो मुलगा शांतपणे म्हणतो की याची गोष्ट आणि त्याची गोष्ट दोन्हीत गावातला पूर आहे, तर आपण पूर पक्का धरू आणि पुढे जाऊ, त्याचं काम झालेलं असतं, कारण त्याने ग्रुपचं काम पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी सायकॉलॉजी. एकामागून एक चित्रं, शेवटचा एक कोरा कागद, प्रत्येकावर गोष्ट. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, शब्द दिसला की मनात आलेलं वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग ३० मिनिटांत, आणि शेवटी स्वतःबद्दल लिहायचं, आई-वडील काय म्हणतील, शिक्षक, मित्र काय म्हणतील. इथं पाठ केलेली वाक्यं लगेच ओळखू येतात. समजा ‘पराभव’ असा शब्द आला, दहातली बरीच मुलं ‘पराभव ही यशाची पहिली पायरी’ लिहून मोकळी होतात, वाक्यात तो मुलगा कुठेच दिसत नाही. त्याऐवजी कबड्डीची टीम हरल्यावर पुढच्या मॅचसाठी बचाव सुधारला असं काही साधं, स्वतःच्या आयुष्यातलं लिहिलं तर तो माणूस दिसतो. पण त्यासाठी आयुष्यात काहीतरी केलेलं असावं लागतं! म्हणून अकरावीपासून स्वतःला खोलीत कोंडून नुसता अभ्यास करणाऱ्यांना मी सांगतो की खेळा, एखाद्या टीममध्ये राहा, ट्रेकला जा, गणपतीच्या मंडळाचा हिशेब सांभाळा, घरातली एखादी जबाबदारी पूर्ण अंगावर घ्या. ही तयारीच आहे, टाइमपास नाही.

पुढे दोन दिवस ग्राउंडवर, ग्रुप टेस्टिंग ऑफिसर हे घेतो म्हणून त्याला जीटीओ म्हणतात. ग्रुप डिस्कशन, नकाशावर प्लॅनिंग, फळी, बल्ली आणि दोरी घेऊन अडथळे पार करायचे, लाल रंगाला हात लावायचा नाही, ओझं बरोबर न्यायचं, वेळ मोजकी. इथलं एक चित्र डोळ्यासमोर आणा. फळी एका टोकाने अधांतरी पुढे गेली आहे, तिच्यावरून एकेक जण पुढे जातोय, आणि मागच्या टोकावर एक मुलगा सगळं वजन टाकून बसलाय म्हणून ती उलटत नाही, तो शेवटी जाणार, सगळ्यांना पुढे पोचवल्यावर. आयडिया कदाचित दुसऱ्याची असेल, पण ही जागा कुणीतरी धरायला हवी हे त्याला न सांगता कळलं. तपासणारा ऑफिसर हे बघत असतो. वर जो इतिहास सांगितला त्याचा इथं संबंध येतो, अकादमी उभीच राहिली ती वेगवेगळ्या दलांच्या पोरांनी एकमेकांवर भरवसा टाकून काम करावं म्हणून, मग निवड करताना बाकी काय शोधतील!

इंटरव्ह्यू घरगुती गप्पांसारखा वाटतो, पण प्रश्नांची माळ लांबलचक असते, दहावीपासूनचे मार्क, मित्र, छंद, घरचे, पैसे कसे खर्च करता, एका दमात आठ-दहा प्रश्न. क्रिकेट हा छंद लिहिलात तर पिचची लांबी माहीत हवी. गावाबद्दल विचारतात, कुठलं पीक, कुठली नदी, पाण्याचा प्रश्न काय, आणि आपल्या पोरांना स्वतःच्या तालुक्याबद्दल सांगता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, सगळे ऑफिसर समोर बसून दोन-चार प्रश्न विचारतात आणि निकाल. ज्यांना पायलट व्हायचंय त्यांच्यासाठी वेगळी कॉम्प्युटरवरची चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर पुन्हा नाही, त्यामुळे त्या दिवशी झोप पूर्ण झालेली असू द्या.

मेडिकलला पोरं शेवटच्या क्षणी विचार करतात. तो आधी करा. डोळे, रंग ओळखणं, कान, दात, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, वजन, हे सगळं फॉर्म भरायच्या आधी एकदा चांगल्या डॉक्टरकडून बघून घ्या, कानातला मळ किंवा किडका दात यांसारख्या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी वेळेत उरकता येतात. टॅटू काढू नका, परवानगी फार थोड्या जागांपुरती आहे. आणि चष्मा घालवायला लेसर ऑपरेशन करून टाकतात काही जण, २० वर्षांच्या आत केलेलं चालत नाही, म्हणजे एनडीएसाठी तो रस्ताच बंद होतो, हे आई-वडिलांनी नीट लक्षात घ्यावं.

शरीराचं म्हणाल तर आत जाण्याआधी २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, २० पुशअप, २० सिटअप, ८ चिनअप आणि तीन-चार मीटर दोर चढणं एवढं मुलांना जमायला हवं असं नोटिफिकेशनमध्येच लिहिलेलं असतं. हा आकडा तसा सोपा आहे, खरी गोष्ट आत गेल्यावर कळते. चिनअपला वेळ लागतो, रोज थोडे थोडे करा, महिनाभरात होत नाहीत. पोहायला शिकून जा. ज्यांना पाण्याची भीती आहे त्यांची पहिली टर्म पूलच्या कडेला जाते आणि बाकीचे पुढे निघून जातात.

आत काय असतं तेही सांगतो म्हणजे मनाची तयारी होईल. १८ स्क्वाड्रन आहेत, अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं करत रोमिओपर्यंत, एच म्हणजे हंटर आणि पी म्हणजे पँथर. तुम्ही कुठल्या दलाचे, कुठल्या राज्याचे याचा विचार न करता एका स्क्वाड्रनमध्ये टाकतात आणि तीन वर्षं तेच घर. पहाटे पीटी किंवा ड्रिल, मग वर्ग, दुपारनंतर खेळ, रात्री अभ्यास, आणि मधल्या प्रत्येक मिनिटावर सीनियरचा हक्क. घोड्यावर बसायला शिकवतात, तलावात पीकॉक बेला शिडाच्या होड्या चालवायला शिकवतात. कॅम्प असतात, त्यातल्या एकाचं नावच तोरणा. चुकलं की रगडा, फ्रंट रोल वगैरे. ड्रिलची टेस्ट पास होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी बाहेर जाता येत नाही. सगळ्यांना झोप कमी पडते, वर्गात डोळे मिटतात, आणि पहिले काही आठवडे परत जावंसं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. हे आधी माहीत असलं की त्या वाटण्याला घाबरायला होत नाही. अभ्यासात किंवा शारीरिक टेस्टमध्ये मागे राहिलात तर रेलिगेशन, म्हणजे ती टर्म पुन्हा, कोर्समेट पुढे जातात आणि तुम्ही जुनियर कोर्सबरोबर. ते फार जिव्हारी लागतं, पण रेलिगेट होऊन पुढे उत्तम ऑफिसर झालेले पुष्कळ आहेत.

आणि तिथं भिंतीवरची नावं नुसती शोभेला नाहीत. परेडचं मैदान ज्यांच्या नावाने आहे ते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनचे, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन लढत राहिले, वय २१. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया १९६१ ला काँगोत, कॅप्टन मनोज पांडे १९९९ ला कारगिलमध्ये. तिघांनाही परमवीर चक्र, तिघेही इथले. अंतराळात गेलेले राकेश शर्मा इथलेच, पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ जनरल बिपिन रावत पण. पोरं ज्या डायनिंग हॉलमध्ये जेवतात तिथं दोन हजारांहून जास्त कॅडेट एका छपराखाली एका वेळी बसतात, आणि वीस-बावीस वर्षांची ही मुलं पुढे कुठे कुठे जाणार हे मनात आलं की माझ्या तरी घशाशी येतं.

पालकांसाठी दोन शब्द. शिक्षण, राहणं, जेवण, युनिफॉर्म सगळा खर्च सरकार करतं, तुम्हाला पॉकेट अलाउन्स आणि किरकोळ खर्च बघावा लागतो, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यातही मदत मिळते. पुढे आयएमएसारख्या अकादमीत गेलं की महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड सुरू होतो. पण मधेच स्वतःच्या मर्जीने सोडून यायचं ठरवलं तर ट्रेनिंगचा खर्च भरून द्यावा लागतो, त्यामुळे मुलाला खरंच जायचंय की तुम्हाला पाठवायचंय हे फॉर्म भरायच्या आधी घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. पहिल्या टर्ममध्ये फोनवर रडला तर लगेच परत ये म्हणू नका, ऐकून घ्या, जेवलास का विचारा, आणि पुढच्या रविवारी परत बोलू म्हणा.

एनडीएचं वय निघून गेलं असेल तर डिग्रीनंतर सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा आहे, तिच्यातून आयएमए, नेव्ही, एअर फोर्स आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी असे सगळे रस्ते उघडतात. एअर फोर्ससाठी अ‍ॅफकॅट ही त्यांची वेगळी परीक्षा आहे, एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर लेखी न देता थेट एसएसबीची एंट्री आहे, बारावीला पीसीएम आणि जेईई मेन असेल तर टेक्निकल एंट्री स्कीम. एसएसबी सगळीकडे तीच, त्यामुळे एनडीएसाठी केलेली मेहनत वाया जात नाही. पुढची नोटिफिकेशन साधारण डिसेंबर आणि मे महिन्यात यूपीएससीच्या वेबसाइटवर येते, दहावीची सनद, आधार आणि फोटो आधीच स्कॅन करून ठेवा आणि नाव-जन्मतारीख तिन्ही कागदांवर अक्षर न् अक्षर एकच आहे ना ते आजच तपासा, स्पेलिंगच्या एका चुकीपायी मेरिटमध्ये आलेल्या मुलांची कागदपत्रं आठवडे अडकतात.